अंगणातल्या शहाबादी लाद्या: दगड नावावर घ्यायचा की पारखून?

(ही एक ऑनलाइन चर्चा आहे. प्रत्येक निरोपाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

अंगण

आमचं घर पुण्यात शनिवार पेठेत आहे, आजोबांच्या काळातलं. वाडा म्हणावा इतकं मोठं नाही. पुढे अंगण, मग ओटी, माजघर, मागे मोरी. अंगणात आणि माजघरात पहिल्यापासून शहाबादी लाद्या आहेत. माजघरातल्या लाद्या तीन पिढ्यांच्या पायांनी घासून इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत, की उन्हाळ्यात दुपारी आई चटईसुद्धा न घालता तिथे आडवी होते.

अंगणाचं दुखणं वेगळं आहे. आठ वर्षांपूर्वी ड्रेनेजची लाइन बदलताना निम्मं अंगण उकरावं लागलं. उकरताना जुन्या लाद्या फुटल्या, म्हणून तेवढ्या भागात नव्या शहाबादी बसवल्या. आज जुना अर्धा भाग जसाच्या तसा आहे. नव्या अर्ध्या भागाचे पापुद्रे सुटताहेत. बोटाने उचलले तर बिस्किटासारखे पातळ तुकडे हातात येतात. भिंतीलगतच्या दोन ओळींना पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची भुकटी, लागतो, झाडला तरी पावसाळ्यानंतर पुन्हा येतो.

दगड एकच, नाव एकच, ऊन-पाऊसही तोच. मग असं का व्हावं? आता सगळा नवा भाग काढून पुन्हा करायचा आहे. चार दुकानं फिरले. शहाबादी, तांदूर, कोटा अशा नावांचे दगड सगळे दाखवतात, ‘ए ग्रेड’, ‘बी ग्रेड’ सांगतात. ए म्हणजे नेमकं काय, असं विचारलं तर चौघांची उत्तरं चार प्रकारची. एकाने रंग सांगितला, एकाने जाडी, एकाने चारही कडा मशीनने कापलेल्या असणं, आणि एकाने नुसतंच ‘एक्स्पोर्टचा माल’.

भाऊ म्हणतो, सगळं काढून व्हिट्रिफाइड टाइल्स टाका. आईला ते अजिबात नको आहे, मलाही नको. जाणकारांनी कृपया सांगावं.

कातळ

सुरुवात दगडापासून करतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

पुण्याच्या पायाखाली जो आहे तो काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजून झालेला. पाताळेश्वराचं लेणं त्यातच कोरलं आहे. शहाबादी त्या कुळातली नाही. ती गाळाच्या खडकाची, चुनखडकाची. पाण्याच्या तळाशी चुन्याचा बारीक गाळ थरावर थर साचत गेला आणि दगड झाला. हे खडक इतके जुने आहेत, की त्या काळी समुद्रात शंख-शिंपल्यांचे जीव अजून आलेच नव्हते. म्हणून शहाबादीत शिंपले शोधायला जाऊ नका. भूवैज्ञानिक या प्रदेशाला भीमा खोरं म्हणतात. आपल्या मुळा-मुठेचं पाणी ज्या भीमेला मिळतं, तीच ही भीमा, खाली कलबुर्गी जिल्ह्यातून जाणारी.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. थरांनी बनलेला दगड म्हणजे गठ्ठ्याने ठेवलेले कागद समजा. थरांमधला चुना एकजीव झाला असेल तर दगड घट्ट. पण मध्येमध्ये मातीचा, म्हणजे चिकणमातीचा पातळ पदर राहिला असेल तर तिथे पाणी शिरतं. माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. दर पावसाळ्यात हे होत राहतं आणि थर सुटतो. शहाबादी हे गावाचं नाव आहे, गुणाचं नाही. एकाच खाणीत वरचा थर आणि दहा फूट खालचा थर यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

घरच्या घरी ओळख: कडेवर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले तर तो चुनखडक. काळ्या पाषाणावर काही होत नाही. कॅल्साइटची कठीणता मोहस मापावर ३, म्हणजे चाकूच्या टोकाने चरा पडतो. रेतीतल्या क्वार्ट्झची ७. चपलांना चिकटून आलेली रेती शहाबादीला झिजवते ती यामुळेच. माजघर गुळगुळीत झालं तेही यामुळेच, फक्त तिथे अनवाणी पाय होते.

मुठाकाठ

थोडं अवांतर, पण या घराशी जोडलेलं आहे म्हणून लिहितो. पुण्यात शहाबादी आली ती रेल्वेने. शहाबाद हे स्टेशनच आहे, दौंड-सोलापूर-कलबुर्गी-वाडी या मार्गावर. मुंबईहून निघालेली ही लाइन १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या लाइनला मिळाली. त्याआधी एवढा जड माल बैलगाडीने तीनशे-चारशे किलोमीटर आणणं कोणाला परवडणार? म्हणून १७३२ मध्ये पुरा झालेला शनिवारवाडा पाहिला तर जोतं काळ्या दगडाचं, वर वीट, चुना आणि सागवान. जुन्या वाड्यांत चौकातली मूळ फरसबंदी बहुतेक काळ्या घडीव दगडाचीच असते. एखाद्या पेशवाईतल्या वाड्यात शहाबादी दिसली तर ती मागाहून बसवली, असं मी धरून चालतो.

रेखांश

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला अभियंता. ‘ग्रेड’ या शब्दाबद्दल लिहितो, कारण तिथेच माणसं फसतात.

ग्रेड, म्हणजे प्रत, तीन वेगवेगळ्या गोष्टींना म्हणतात. पहिली, दिसण्याची. अमेरिकेत इंडियाना राज्यातला चुनखडक प्रसिद्ध आहे. १९३१ ची एम्पायर स्टेट बिल्डिंग त्यानेच मढवली आहे. त्याच्या प्रती सिलेक्ट, स्टँडर्ड, रस्टिक आणि व्हेरिगेटेड. या प्रती दाणा किती बारीक, रंग किती एकसारखा यावर ठरतात. रस्टिक म्हणजे कच्चा दगड असा अर्थ नाही, त्याचा दाणा जाड आणि पोत खडबडीत, एवढंच. दुसरी, थराची. इंग्लंडमधला पोर्टलंडचा दगड, ज्यात लंडनचं सेंट पॉल्स उभं आहे, त्याला बेसबेड, व्हिटबेड आणि रोच अशी नावं खाणीतल्या थरांवरून पडली. बेसबेड बारीक कोरीवकामाला, व्हिटबेड उघड्यावरच्या बांधकामाला, आणि रोच शिंपल्यांच्या पोकळ्यांनी भरलेला.

तिसरी प्रत परीक्षेवरून ठरते. तुमच्या कामाची ही. अमेरिकन मानक एएसटीएम सी ५६८ चुनखडकाचे घनतेवरून तीन वर्ग करतं. कमी घनतेचा दर घनमीटरला १७६० ते २१६० किलो, मध्यम २१६० ते २५६०, आणि त्यापुढचा जास्त घनतेचा. पाणी शोषण्याची मर्यादा अनुक्रमे १२, ७.५ आणि ३ टक्के. दाब सोसण्याची किमान ताकद १२, २८ आणि ५५ मेगापास्कल. घनता वाढली की पोकळी कमी, पोकळी कमी की पाणी कमी, पाणी कमी की आयुष्य जास्त. आपल्याकडे चुनखडकाच्या लाद्यांसाठी भारतीय मानक आयएस ११२८ आहे आणि पाणी शोषण मोजायची रीत आयएस ११२४ मध्ये दिली आहे. दुकानदाराला विचारायचं ते या परीक्षेचा कागद आहे का, हे. नसेल तर स्वतः करा, अवघड काहीच नाही.

लादीचा तळहाताएवढा तुकडा घ्या. ओव्हनमध्ये मंद आचेवर, साधारण १०५ अंशांवर, वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. थंड झाल्यावर किचनच्या डिजिटल काट्यावर वजन करा. एक दिवस पूर्ण पाण्यात बुडवून ठेवा. काढून ओल्या फडक्याने वरवरचं पाणी टिपा आणि पुन्हा वजन करा. वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. झाली टक्केवारी. घनता हवी असेल तर भिजलेला तुकडा दोऱ्याने पाण्यात टांगून वजन घ्या. भिजलेलं वजन वजा टांगलेलं वजन म्हणजे तुकड्याचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागून हजाराने गुणलं की दर घनमीटरला किलोमधली घनता.

ओळंबा

मी फरशीची कामं घेतो, वीस वर्षं झाली. वरच्या काकांनी सांगितलं ते बरोबर आहे, पण साइटवर एवढं कोण करणार, म्हणून आम्ही काय करतो ते सांगतो.

लादी दोन बोटांवर अधांतरी धरायची आणि हातोडीच्या दांड्याने हलकं टोकायचं. खणखणीत आवाज आला तर घ्यायची. बद्द आवाज आला की आत पदर सुटलेला आहे, बाजूला ठेवायची. मग कडेवर पाणी ओतायचं आणि दोन मिनिटं बघायचं. कडा एकसारखी वाळत गेली तर ठीक. मध्येच एखादी ओली रेघ मागे राहिली तर तो मातीचा पदर, ती लादी अंगणाला अजिबात नको. घरात कोरड्या खोलीत चालेल.

जाडीचं म्हणाल तर हातकट शहाबादी कमी-जास्त जाडीची येणारच, थरावरच फुटते ती. म्हणून खाली माल, म्हणजे लादी बसवायचा चुना-सिमेंटचा गारा, जाड लागतो आणि गवंडी पाणसाळीत, म्हणजे पातळी साधण्यात, पक्का लागतो. मशीनकट दिसायला सरळ, बसवायला सोपी, पण कडा सरळ कापली म्हणजे दगड चांगला असं नाही. हे गिऱ्हाइकाला पटवणं फार जड जातं.

ताई, एक विचारू? लाद्या बसवल्यावर सिमेंटचे डाग काढायला अॅसिड मारलं होतं का?

अंगण

हो! ठेकेदाराच्या माणसाने बादलीत पाणी घालून मारलं होतं, धूर निघाला होता तो आठवतो. नंतर दर दिवाळीला मोरीसोबत अंगणही आम्ही त्याच बाटलीने धुतलं. त्याचा संबंध आहे?

कातळ

फार मोठा संबंध आहे. फरशीवर मारतात ते हायड्रोक्लोरिक आम्ल. चुनखडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. दोघे भेटले की कर्बवायू उडून जातो, फेस दिसतो तो त्याचाच, आणि दगडाचं कॅल्शियम क्लोराइड होतं. म्हणजे डागाबरोबर दगडही विरघळतो. त्यापुढची गोष्ट कोणी सांगत नाही: हे क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतं. धुऊन पूर्ण गेलं नाही तर दगडाच्या छिद्रांत बसतं आणि तो भाग कायम दमट राहतो. तुमच्या जुन्या लाद्यांनाही तीच बाटली लागली असणार, पण त्यांची छिद्रं कमी असल्यामुळे आत शिरायला वाव मिळाला नसावा. हा माझा अंदाज. वजनाची परीक्षा केली की कळेल.

निळी खिडकी

कोथरूडला आमच्या किचनचा ओटा कडप्प्याचा आहे. तोही चुनखडकच ना? लिंबाचा, चिंचेचा थेंब पडला की पांढरट डाग राहतो. आईंना वाटायचं मी पुसत नाही म्हणून. आज कारण समजलं, मनावरचं ओझंच उतरलं.

कातळ

हो, आंध्रातल्या कडपा भागातला काळा चुनखडक. तो काळा दिसतो त्यातल्या कर्बयुक्त द्रव्यामुळे. आंबटाने वरची झिलई खाल्ली जाते, म्हणून डाग पांढरा दिसतो. तो मळ नाहीच, त्यामुळे पुसून जाणार नाही. बारीक पॉलिश पेपरने घासून तेलाचा हात फिरवा, पुष्कळ फरक पडेल. मांडणीच्या फळ्यांना कडप्पा उत्तम, ओट्याला ग्रॅनाइट बरा, कारण ग्रॅनाइटमध्ये चुना नसतो.

चौकट

मी वास्तुरचनाकार आहे, जुन्या घरांची दुरुस्ती हेच माझं काम. सगळे लादीवर बोलताहेत. मला लादीच्या खालचं बोलायचं आहे.

जुना अर्धा भाग कशावर बसवला असेल? जवळपास नक्की चुन्याच्या मालावर. नवा कशावर? सिमेंटच्या. चुन्याचा माल सच्छिद्र असतो, जमिनीतली ओल त्यातून आणि दरजांतून, म्हणजे लाद्यांमधल्या सांध्यांतून, हळूहळू वर येते आणि उडून जाते. सिमेंटचा कोबा आणि सिमेंटच्या दरजा मात्र दगडापेक्षा घट्ट असतात. मग ओलीला बाहेर पडायला एकच वाट उरते, खुद्द लादी. ओलीबरोबर क्षार येतात, पाणी उडतं, क्षार तिथेच स्फटिक होऊन फुगतात आणि पापुद्रा उचलतात. तुमच्या भिंतीलगतचा लोणा हाच. भिंतही विटा-चुन्याची असेल तर तिला खालच्या बाजूने सिमेंटचा गिलावा मारलेला नाही ना, तेही बघा. तिथली ओल वर चढत माजघरापर्यंत जाते. मी हे इतक्या घरांत पाहिलं आहे, की आता राग येतो. शंभर वर्षं टिकलेली भिंत एका गिलाव्याने दहा वर्षांत कुजते.

आता चुना कोणता, हा प्रश्न येतो. तोही चुनखडकाच्याच प्रतीचा प्रश्न आहे. शुद्ध चुनखडक सुमारे ९०० अंशांवर भाजला की १०० किलोतून ४४ किलो कर्बवायू निघून जातो आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो. तो पाणी घालून विरवला की पांढराशुभ्र, लोण्यासारखा चुना मिळतो, पण तो फक्त हवेतला कर्बवायू घेऊनच घट्ट होतो. जाड थरात, ओलीत, महिनोन्महिने कच्चा राहतो. याउलट आपल्याकडे काळ्या मातीत जे कंकर सापडतात, चुन्याचे गोटे, त्यांत चिकणमाती मिसळलेली असते. ते भाजले की त्या मातीतली सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याशी जोडली जातात. असा चुना पाण्यातही धरतो. आयएस ७१२ मध्ये बांधकामाच्या चुन्याचे ए पासून एफ पर्यंत वर्ग आहेत. पाण्यात पक्का धरणारा ए, शुद्ध पांढरा सी, आणि कंकराच्या चुन्याला स्वतंत्र ई.

जी माती लादीच्या थरात असली की लादीचा नाश करते, तीच भट्टीत गेली की चुन्याला बळ देते. मला या दगडाचं सगळ्यात मोठं नवल वाटतं ते याचंच.

मुठाकाठ

कात्रजची पाणीयोजना आठवली. नानासाहेब पेशव्यांच्या काळातली, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत दगड-विटा-चुन्याचा नळ, आत माणूस जाऊ शकेल असा. अठराव्या शतकापासून पाण्यात राहिलेला चुना. चुन्याच्या घाण्यात बैल फिरवून मळलेला, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा. चुन्याच्या घाण्याची ती गोल दगडी चरी अनेक किल्ल्यांवर अजून दिसते, मुलांना घेऊन गेलात तर नक्की दाखवा.

निळी खिडकी

कोटा का नको मग? आमच्या सोसायटीच्या जिन्याला आहे, पंचवीस वर्षांत काही झालं नाही.

ओळंबा

कोटा नको असं कोणीच म्हणत नाही. राजस्थानात कोट्याजवळ रामगंज मंडीचा माल, हिरवट-निळा आणि तपकिरी. घट्ट आहे, जिन्याला, शाळेला, व्हरांड्याला एक नंबर. पण त्याला आरशासारखं पॉलिश येतं आणि लोक अंगणातही पॉलिश मारून घेतात. पावसात घसरून म्हातारी माणसं पडतात. अंगणात रफच ठेवा. तांदूर पिवळा आणि निळा येतो, वाडीहून सिकंदराबादच्या लाइनवरचं गाव आहे ते, शहाबादीचा शेजारीच म्हणा.

अंगण

दहा दिवसांनी लिहिते आहे, उशीर झाला. रेखांशकाकांनी सांगितलं तशी वजनं केली. ओव्हन शेजारच्या काकूंचा, काटा आमचा.

जुनी शहाबादी: कोरडी ८४२ ग्रॅम, भिजून ८४६, पाण्यात टांगून ५२८.
आठ वर्षांपूर्वीची, पण न वापरता माळ्यावर पडून राहिलेली: ९१०, ९२५, ५६६.
दुकानातून आणलेला कोटा: ७७८, ७८१, ४९०.

मी काढलेलं पाणी शोषण: जुनी ०.५ टक्के, नवी १.६ टक्के, कोटा ०.४ टक्के. बरोबर आहे का?

मुद्दाम न वापरलेली लादी घेतली, कारण तिला ना अॅसिड लागलं आहे ना पाऊस. आणि ओळंबादादा, तिच्या कडेवर पाणी ओतलं तर दोन ओल्या रेघा राहिल्या. स्पष्ट. आईलाही चष्म्याशिवाय दिसल्या.

रेखांश

हिशेब बरोबर आहे. घनता मी काढली, दर घनमीटरला किलोमध्ये: जुनी सुमारे २६५०, नवी २५३५, कोटा २६७५. म्हणजे जुनी आणि कोटा जास्त घनतेच्या वर्गात, तुमची नवी मध्यम वर्गात. एकेका तुकड्यावर पक्का निकाल देऊ नये, प्रयोगशाळेत अनेक नमुने घेतात. पण रेघा, वजन आणि अंगणातली अवस्था तिन्ही एकच सांगत असतील तर मी तो दगड घेणार नाही. १.६ टक्के हा आकडा मुळात फार मोठा नाही, मानकाच्या मर्यादेत बसतो, हेही लक्षात ठेवा. पाणी दगडभर सारखं पसरलं असतं तर चाललं असतं. ते सगळं दोन पदरांत जमा होतंय, घात तिथे झाला.

चौकट

आणि त्यात सिमेंट आणि अॅसिड. कच्चा दगड, बंद केलेली वाट आणि आम्ल, तिन्ही एकदम मिळाली. यातलं एखादं टळलं असतं तर अंगण आणखी कितीतरी वर्षं गेलं असतं. खालचा कोबा काढणार असाल तर मातीवर खडी-मुरूम ठोकून घ्या, वर चुना-विटांची भुकटी-वाळूचा माल, दरजाही त्यातच. उतार मोरीकडे नको, बाहेरच्या गटाराकडे द्या. आणि ती बाटली घरातून काढून टाका, अंगणाला साधं पाणी आणि खराटा पुरे.

अंगण

ठरलं. भाऊही कबूल झाला. काटा बघितल्यावर त्यानेच दुसऱ्यांदा वजनं केली.

एक शेवटचा प्रश्न. नव्या अर्ध्या भागाला जुन्याशी जुळणारा दगड हवा, कोट्याचा हिरवा रंग शेजारी नीट दिसणार नाही. अंदाजे सव्वा ब्रास, म्हणजे सव्वाशे चौरस फूट, लागेल. जुन्या शहाबादी कुठे मिळतात?

ओळंबा

नारायण पेठेत एक जुनं घर उतरवतो आहोत. दीड ब्रास निघेल, दीड-पावणेदोन इंच जाडीच्या, वरून झिजलेल्या आहेत पण खालची बाजू कोरी आहे. उलट्या करून, टाकी (छिन्नी) लावून बसवता येतील. व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवतो. रविवारी सकाळी दहाच्या आत या, नंतर टेम्पो लागतो. येताना तांब्याभर पाणी आणि हातोडी घेऊन या आणि एकेक लादी तपासूनच बाजूला काढा. ढिगात वीसातली एखादी बद्द निघतेच.